जोडे घालून जेवा!

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. तुरुंगाचं दार उघडलं. पहारेकरी पळाला, कुलूप खाली पडलं, बाहेर लख्ख उजेड. आणि कैदी? कैदी आत घोंगडीवर मांडी घालून बसलाय! म्हणतो, "आज गुरुवार, आज आमटी असते. जेवून बघू." — आता सांगा, हा माणूस सुटला म्हणायचा, की अजून कैदेतच आहे?

'सुटला' कोण म्हणालं? सुमतीबाई? बरं. आणि 'कैदेत'? ही उजवीकडची बाजू? वा! पहिल्याच प्रश्नाला मंडळीत दोन तट! पाळकसाहेब, ही सवय जुनी दिसते! — हसा, हसा. उद्या उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस आहे, मला ठाऊक आहे. पण आज टेबलावर भाकर मांडलीय, आणि पंगतीला कुणी रडकं तोंड घेऊन बसत नाही.

आता या भाकरीमागच्या इब्री सणाचं नाव बघा. वल्हांडण! शब्द जरा चघळा. आपल्या आज्ज्या काय म्हणायच्या? "पोरा, पाणी आलंय, ओढा वलांडू नको." तोच शब्द! वलांडणं म्हणजे ओलांडणं. मग वल्हांडणात कुणी काय वलांडलं? रविवारच्या शाळेतलं लेकरूसुद्धा सांगेल — नाशाचा दूत मिसर देशभर फिरला, आणि ज्या दारावर कोकराचं रक्त होतं, ते घर वलांडून तो पुढं गेला. बरोबर! शंभरात पन्नास मार्क! पन्नासच, कारण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी आज सांगायचीय. आढावमामा, पेटी जरा वर घ्या!

कंबर बांधा, जोडे घाला,
आला बोलावा, चला चला!
कोकराच्या रक्ताखालून
वाट निघाली, चला चला!

— टाळ्या जरा जोरात! हातांना काय उपास आहे?

तर मिसर देश, आजचं इजिप्त. गोशेन प्रांत. इब्री लोक तिथं फारो राजाचे गुलाम, आणि मोशे हा त्यांना सोडवायला देवानं धाडलेला पुढारी. तिथं विटांच्या खड्ड्यावर एक म्हातारा होता. नाव पलटी. हसू नका! इब्री लोकांत हे नाव होतं. गणनेच्या पुस्तकात याच नावाचा एक हेर आहे. हा तो नव्हे. हा माझा पलटी. शास्त्रात सहा लाख पुरुष निघाले म्हणून लिहिलंय, नावं कितीकांची आहेत? राहिलेल्यांतला एक मी उचलला. कीर्तनकाराला एवढी सूट आहे ना, पाळकसाहेब? आहे म्हणतात. बरं!

पलटीबाबाचं वय बहात्तर. आठव्या वर्षी खड्ड्यात उतरला. काम काय? चिखल तुडवायचा. माती, पाणी, वरून पेंढ्याचा चुरा, आणि मग पायानं गोल — गोल — गोल! सकाळी उतरायचं, दिवस मावळला की वर यायचं. चौसष्ट वर्षं! पाय बघाल तर फळ्या. टाचेच्या भेगांत रुपाया उभा राहील. मुकादम वरून ओरडायचा, "तुडव!" आणि हा तुडवायचा. इतका तुडवायचा की झोपेतसुद्धा पाय हलायचे. बायको मिल्का म्हणायची, "अहो, घरी तरी थांबवा! माझी गोधडी म्हणजे चिखल न्हाई!"

पण मंडळी, पलटीबाबा दुःखी होता का? इथंच तर गंमत आहे! त्याच्या झोपडीमागं एक वाफा होता. कशाचा? — बघा, नगर जिल्ह्याची मंडळी, बरोबर ओळखलं! कांद्याचा! दोन हात रुंद, सात हात लांब. संध्याकाळी हा तिथं उकिडवा बसायचा, एकेक पात हातानं सरळ करायचा. म्हणायचा, "मिल्का, कांदा धरतोय गं." चौसष्ट वर्षांची गुलामी, आणि माणूस खूश कशावर? कांदा धरतोय! तुम्ही हसताय. आपला प्रत्येकाचा एक वाफा असतो, त्याच्याकडं नंतर येऊ.

एके दिवशी मुलगा गेरा धावत आला. चाळिशीचा गडी, धाप लागलेली.

"आबा! मोशेचा निरोप आलाय! आपण निघायचं!"

— हो, 'आबा'च म्हणाला. इब्री लोक बापाला अब्बा म्हणतात, आपण आबा म्हणतो. एवढं जवळचं नातं आहे आपलं!

"निघायचं? कवा?"

"चौदाव्या दिवशी रात्री कोकरू कापायचं. रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. कोकरू विस्तवावर भाजायचं. बेखमीर भाकर, पीठ न फुगवता केलेली, आणि कडू भाजी. उजाडेस्तवर घराबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. त्या रात्री मिसरात घरोघरचा थोरला जाणार, आबा. रक्त असंल तेच घर वाचंल."

पलटीबाबानं मान हलवली. कोकरू, ठीक. रक्त, ठीक. कडू भाजी? "आयुष्यभर तीच खाल्ली," म्हणाला, "आणखी एक घास!"

"आणि आबा, जेवायचं कसं, तेबी सांगितलंय. कंबर बांधून, हातात काठी, पायांत जोडे घालून."

"पायांत काय घालून?"

"जोडे."

"जेवताना?"

"जेवताना!"

मंडळी, म्हातारा उठून उभाच राहिला! "अरे, शुद्धीवर हायस का? ताटापाशी जोडे? आपल्यात पाणी प्यायचं तरी जोडे बाहेर काढत्यात! आणि गेरा, या अख्ख्या आळीत जोडे हायेत कुणाला?"

प्रश्न बिनतोड होता. गुलामाला जोडे कुठले? जोडे मुकादमाला. गुलामानं अनवाणी असायचं, म्हणजे पळताना काटा मोडतो. कळलं का? बेडी घालायची गरज नाही. नुसते जोडे देऊ नका, पुरे!

आपल्याला हे सांगायला मिसर देश कशाला हवा? माझे पणजोबा सांगायचे. गावात चावडी आली की आपल्या माणसानं जोडे काढून काखेत घ्यायचे. बाप्तिस्मा झाला, दोन अक्षरं आली, तेव्हा एका सकाळी पणजोबा म्हणाले, आज काढायचे नाहीत. निघाले. चावडीवर त्या दिवशी कुणी अडवलं? कुणी नाही! दोघेजण पान खात होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. पण पणजोबा म्हणायचे, "अरे, माणसं अडवत नव्हती, माझे पायच अडत होते." हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि आता माझेही येतात. असो. तबला!

तर जोडे आणायचे कुठून? मिल्का उठली. नदीकाठचा लव्हाळा कापून आणला, भिजवला, आणि जोडे विणायला बसली. म्हणाली, "पाय पुढं करा." यानं पाय पुढं केला. तिनं काडीनं माप घेतलं, पाय बघितला, परत माप घेतलं.

"अहो, हा पाय हाय का नांगर?"

"चौसष्ट वर्षं तुडवलंय, बारीक कुठनं राहील?"

तिसऱ्या दिवशी जोडे तयार. पलटीबाबानं घातले. उभा राहिला. एक पाऊल टाकलं, आणि बदकासारखा फेंगडत भिंतीला जाऊन धडकला! नातवंडं लोळून हसतायत. मिल्का पदर तोंडात घालून हसतेय. पण म्हातारा हसला नाही. खाली बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "मिल्का, जोडे घातले की खरंच जायचं हाय, असं वाटतंय गं."

"जायचंच हाय."

"पण कांदा? तीन आठवड्यांत काढायला येतोय!"

ऐकलंत? समोर समुद्र दुभंगणार आहे, आकाशातून मान्ना, देवाचं अन्न, पडणार आहे. आणि हा काय विचारतो? कांद्याचं काय!

चौदावा दिवस आला. सांज झाली. कोकरू चार दिवस घरात होतं, पोरांनी त्याला लळा लावला होता. गेरानं ते बाहेर नेलं, तेव्हा पोरं दारापर्यंत मागं मागं गेली. सुटका फुकट होत नाही, मंडळी. कुणाचा तरी जीव जातो. त्या घरातल्या लहानग्यांनाही ते त्या संध्याकाळी कळलं.

गेरा एजोब नावाच्या झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराला लावू लागला. इकडं पलटीबाबाची लगबग! "थोरल्या नातवाला मधी बसवा! दारापासनं लांब! पांघरूण टाका त्याच्यावर!" घरभर हुकूम चाललेत. मिल्का चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

"अहो, तुमच्या आईचं पहिलं लेकरू कोण?"

"मीच की. माझ्या पाठीवर पाच —"

आणि थांबला! तोंड उघडं! बहात्तर वर्षांचा थोरला! घरातल्या सगळ्यांची काळजी वाहतोय, आणि देवाच्या यादीत याचंच नाव वरती! इतका वेळ वाटत होतं, रक्त पोरांसाठी आहे. घरातल्या कर्त्या माणसाची ही चूक नेहमीची आहे, मंडळी. उपदेश ऐकताना वाटतं, हे आमच्या धाकट्यासाठी फार चांगलं आहे हो! शेजारच्याला आणायला हवं होतं! — खरं की नाही? शेजारच्याकडं बघू नका आता!

पलटीबाबा हळूच दाराशी गेला. आवाज एकदम मऊ. "गेरा, बाळा, बाहीला नीट लागलंय ना? वर कपाळपट्टीला अजून एकदा मार की. माझ्याकडनं एक."

रात्र झाली. दार लावलं. जेवण वाढलं. सगळे उभे — कंबर बांधलेली, काठी हातात, जोडे पायांत. आणि पलटीबाबा? त्यानं काय करावं? उंबऱ्यापाशी गेला, जोडे काढले, जोडीनं नीट लावून ठेवले, परत आला, आणि ताटासमोर मांडी घालून बसला!

"आबा! हे काय?"

"अरे, देवाचं अन्न हाय. पायांत जोडे घालून कसं खाऊ? मोशेचंच ऐका! जळत्या झुडपापाशी देवानं त्याला काय सांगितलं? जोडे काढ! मी काढले. चुकलं काय?"

सांगा, मंडळी! चुकलं काय? शास्त्राचा दाखला दिलाय म्हाताऱ्यानं! मी त्या ठिकाणी असतो तर माझं तोंड बंद झालं असतं. पण मिल्का! मिल्का म्हणाली —

"तिथं देवानं मोशेला भेटायला बोलावलं व्हतं. भेटायला जायचं तर जोडे काढावे. आज देव आपल्याला घेऊन जायला आलाय. घ्यायला माणूस दारात उभा असताना जोडे काढून बसत्यात व्हय?"

वा, मिल्का! पाळकसाहेब, बायकांना लवकर व्यासपीठावर बोलवायला हवं होतं आपण! तिनं स्वतः वाकून जोडे उचलले, त्याच्या पायांत घातले. म्हातारा उभा राहिला. भाकर तोडली. कडू भाजीचा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "भाजी लई कडू हाय." भाजी कडू होतीच. पण पाणी भाजीचं नव्हतं.

मग मध्यरात्री हंबरडा ऐकू आला. आधी एका घरातून, मग दुसऱ्या, मग साऱ्या मिसरातून. पेटी नको आता, मामा. त्या रडण्यावर पेटी वाजवायची नाही. ती लेकरं होती कुणाची तरी. गेराच्या घरात कुणी हसलं नाही. पलटीबाबा भिंतीला टेकून उभा, स्वतःच्या छातीवर हात. धडधड चालू आहे! थोरला जिवंत आहे! दूत आला, दारावरचं रक्त पाहिलं, आणि घर वलांडून पुढं गेला.

इथं गोष्ट संपली? पन्नास मार्कांवाले म्हणतील, संपली! नाही. आता उरलेले पन्नास!

उजाडता उजाडता हाकारा आला. "निघा! फारोनंच सांगितलंय, निघा!" आळीत गर्दी उसळली. माणसं, मेंढरं, बोचकी! पीठ भिजवलेलं होतं, फुगायला वेळ कुठला? बायकांनी काथवटीच कापडात बांधून खांद्यावर टाकल्या. गेरा पोरं घेऊन बाहेर. मिल्का काथवट घेऊन बाहेर. आणि पलटीबाबा? उंबऱ्याच्या आत. उभा. एक पाय उचलतो, परत ठेवतो.

"अहो, चला की!"

"तुम्ही व्हा पुढं. मी — मी कांदा काढतो आणि येतो."

बघा, मंडळी! डोक्यावर कोकराचं रक्त आहे. पोटात कोकराचं मांस आहे. पायांत जोडे, हातात काठी. मुकादम नाही, पहारा नाही, फारो स्वतः जा म्हणतोय. आणि हा म्हणतो, कांदा काढतो! वाचलेला आहे, पण सुटलेला नाही! आणि मागं राहिला तर? मिसराचं मन उद्या फिरणार होतं. परवा मुकादम त्याच दारात येणार होता. सगळी आळी गेलेली, आणि हा एकटा त्या खड्ड्यात. मेला असता हो!

मिल्का चिडली नाही. परत आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. म्हणाली, "कांद्याचं सोडा. खरं काय ते सांगा."

तेव्हा म्हातारा फुटला. "मिल्का, मला काय येतंय गं? चिखल तुडवता येतो. चौसष्ट वर्षं मी चाललो, पण एकाच खड्ड्यात, गोल. तिकडं नव्या देशात मी काय करू? मला चालताच येत न्हाई!"

मिल्कानं काथवट खाली ठेवली. मग म्हणते कशी —

"चौसष्ट वर्षं चाललाय नव्हं? मग सवय हाय की! आता फकस्त सरळ चाला."

आणि पुढं म्हणाली, "रातच्याला देवानं तुमच्यापायी हे घर वलांडलं. तुम्हाला त्याच्यापायी एवढा उंबरा वलांडवत न्हाई व्हय?" असं म्हणून तिनं हात पुढं केला.

पलटीबाबानं हात धरला. पाय उचलला. आणि — वलांडला! वाजवा पेटी! वाजवा, मामा, आता वाजवा!

कंबर बांधा, जोडे घाला,
आला बोलावा, चला चला!

हे उरलेले पन्नास मार्क! देवानं माझं घर वलांडलं, ही त्याची कृपा. मी माझा उंबरा वलांडला, हे माझं स्वातंत्र्य. दोन्ही मिळून वल्हांडण!

वाटेत काय झालं, विचारा. पहिला मुक्काम येईस्तवर म्हातारा सारखा डावीकडं वळायचा! पायांना गोलाची सवय. मिल्का दर दहा पावलांना हात ओढायची. "सरळ, अहो, सरळ!" रामसेसपासून सुक्कोथपर्यंत हेच चाललं होतं. लोक हसत होते, हाही हसत होता, आणि हसता हसता मोकळा होत होता.

आता या टेबलाकडं बघा. शेकडो वर्षांनी त्याच सणाच्या रात्री आपला प्रभू एका माडीवर शिष्यांबरोबर जेवायला बसला. तीच बेखमीर भाकर. ती त्यानं मोडली आणि म्हणाला, हे माझं शरीर. प्याला दिला आणि म्हणाला, हे माझं रक्त. म्हणजे या वेळी कोकरू ताटात नव्हतं, मंडळी. वाढणाराच कोकरू होता! आणि जेवण झाल्यावर त्यानं काय केलं? गीत गायलं आणि उठला. बाहेर अंधार होता, बागेत शिपाई येणार होते, पलीकडं वधस्तंभ होता. सगळं ठाऊक होतं त्याला. तरी त्या माडीचा उंबरा त्यानं आधी वलांडला. आपण निघावं म्हणून तो पुढं निघाला.

आणि आपण? महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर घेतो, प्याला घेतो, रुमालानं ओठ टिपतो, आणि घरी जाऊन कुठं उतरतो? त्याच खड्ड्यात! तोच राग, गोल! तीच बाटली, गोल! 'ते आपल्यातले नाहीत' म्हणून तेच नाक मुरडणं, गोल गोल गोल! आणि वर म्हणायचं, एवढं कांद्याचं उरकलं की सोडतो हो! कुणाचं नाव घेत नाही. — फक्त एकाचं घेतो. माझं.

हो, माझं. सात वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये, नाताळच्या भजनाला, मी माझ्या धाकट्या भावाला भर मंडळीत म्हणालो, "यशवंता, बेसूर गातोस, बस खाली." तो बसला. परत कधी गायला नाही. चूक माझी होती, हे त्याच रात्री कळलं होतं मला. पण मी मोठा! मी कीर्तनकार! मी कसा जाऊ? सात वर्षं मी प्रभुभोजन घेतो आणि त्याचं घर टाळून, वाट वाकडी करून घरी जातो. तुम्हाला इतका वेळ ज्याच्यावर हसवत होतो, तो म्हातारा कोण, हे आता कळलं ना? गोशेन प्रांतातला नव्हे तो.

यशवंता आत येत नाही. पण माझं कीर्तन असलं की बाहेर पायरीवर उभा राहून ऐकतो. आजही आहे. मला इथून दिसतोय. मागं वळून बघू नका रे, लाजेल तो! पळून जाईल!

पाळकसाहेब, भाकर दोन मिनिटं झाकून ठेवा. आढावमामा, पेटी थांबवू नका, पद चालू द्या. सगळ्यांनी म्हणा, सुरात नसलं तरी म्हणा! मी जरा दारापर्यंत जाऊन येतो.

— नाही. जाऊन येतो नव्हे. घेऊन येतो.